गुरूचे देणे, पेठेतला मांडव
सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची सात दशके

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की सनावळी आधी हाताशी येते. अमुक साली स्थापना, मग रौप्यमहोत्सव, मग सुवर्णमहोत्सव. पुण्याच्या आर्य संगीत प्रसारक मंडळाचा इतिहासही असा मांडता येईल, पण मग खरा प्रश्न तसाच राहतो. महाराष्ट्रात संगीताचे उत्सव गावोगाव सुरू झाले आणि त्यांतले कित्येक चार-सहा वर्षांत आटोपले. मंडळाने १९५३ साली मांडलेला उत्सव मात्र चालू आहे. त्याची जागा बदलली, वेळ बदलली, दिवस वाढले, ज्यांच्या नावावर गर्दी लोटायची ती गाणाऱ्यांची अख्खी पिढी काळाआड गेली, आणि तरीही २०२४ च्या डिसेंबरात सत्तरावा महोत्सव पार पडला. हे कशामुळे घडले? याचे ठरलेले उत्तर असे की राजाश्रय संपल्यावर लोकाश्रयाने ही कला जगवली आणि पुण्याचा श्रोता मुळातच रसिक. माझ्या मते हे उत्तर अर्धेच आहे. हा उत्सव नुसत्या आवडीतून निघालेला नाही. तो एका शिष्याने मांडलेले गुरूचे वर्षश्राद्ध आहे, आणि पुढच्या सत्तर वर्षांत जे काही टिकले, बदलले किंवा हातचे गेले त्याचा उलगडा या एका गोष्टीवरून होतो.

मलकापुरातून हे लिहिण्यालाही थोडा अर्थ आहे. पुणे इथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. हे गाव विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीचे, तेव्हा राजाश्रय म्हणजे काय हे या भागाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी आणले आणि त्या एका निर्णयातून जयपूर घराण्याची गायकी या मातीत रुजली. खाँसाहेब १९४६ साली गेले, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. म्हणजे पुण्यात उत्सव सुरू झाला तेव्हा दरबार मिटून चारच वर्षे झाली होती. लोकाश्रयाचे म्हणाल तर त्याची चंचलताही कोल्हापूरने जवळून पाहिली आहे. संगीत नाटकाला जेवढा लोकाश्रय मिळाला तेवढा क्वचितच कशाला मिळाला असेल. पण १९३२ साली याच कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला आणि पुढच्या काही वर्षांत तीच गर्दी तंबूकडे वळली, नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या. ज्यांच्या नावाने हा महोत्सव आहे ते सवाई गंधर्व त्याच रंगभूमीवर नाव कमावलेले गायक-नट होते. नुसत्या लोकाश्रयाने संस्था टिकत असती तर नाटक मंडळ्याही टिकल्या असत्या.

१९५३ पूर्वी : मिरज, जालंधर, पुणे

रामभाऊ कुंदगोळकर धारवाडजवळच्या कुंदगोळचे. त्यांचा जन्म १८८६ चा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीमखाँ यांच्याकडे ते शिकले, मराठी रंगभूमीवर गाजले आणि ‘सवाई गंधर्व’ झाले. अब्दुल करीमखाँ मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे, पण त्यांनी बिऱ्हाड केले मिरजेत. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांचे दफन मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले, आणि तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीत सभा भरते. चिंचेच्या झाडाखाली, उघड्यावर, रात्रभर. गाणारे बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. ‘हजेरी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्यात गाणाऱ्याचा मोठेपणा नाही, ज्याच्या दारी गायचे त्याचा आहे. पुण्याच्या महोत्सवाचे बीज शोधायचे तर या झाडाखाली जावे लागते. गुरूच्या गुरूच्या समाधीपाशी ही रीत आधीच पडलेली होती.

दुसरा धागा पंजाबातला. जालंधरला १८७५ पासून हरवल्लभ संगीत संमेलन भरते. तेही एका साधुपुरुषाच्या स्मरणार्थ, आणि तेही ऐन थंडीत. गाण्याच्या वेडापायी अकराव्या वर्षी गदगचे घर सोडलेला भीमसेन जोशी नावाचा मुलगा गुरू शोधत भटकत भटकत जालंधरला पोचला होता. तिथे त्याची गाठ संमेलनासाठी आलेल्या विनायकबुवा पटवर्धनांशी पडली. बुवांनी त्याला सांगितले की इतक्या लांब कशाला फिरतोस, तुझ्याच मुलखात सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. मुलगा परतला आणि १९३६ च्या सुमारास कुंदगोळला गुरूच्या घरी राहून शिकू लागला. एका स्मरणोत्सवाने ज्याला गुरूची वाट दाखवली त्यानेच पुढे गुरूचा स्मरणोत्सव उभा केला. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण दूरदूरचे गवई एका मांडवात आले म्हणजे काय साधते हे भीमसेनजींनी त्या वयातच पाहिले होते, एवढे तरी मानायला हवे.

सवाई गंधर्वांचे गाणे पुढे अर्धांगवायूच्या झटक्याने थांबले. १९४६ च्या जानेवारीत पुण्यात त्यांची षष्ट्यब्दी साजरी झाली, तेव्हा शिष्य म्हणून भीमसेनजी गायले आणि त्या मैफलीने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. गायक म्हणून त्यांची ओळख झाली ती गुरूच्या सत्कारात. १२ सप्टेंबर १९५२ रोजी गुरू गेले. ‘गुरूचे देणे’ हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही, ते असे सालवार दाखवता येते.

१९५३ ते १९६० : पुण्यतिथी

पहिल्या पुण्यतिथीला पुण्यात जमलेला मेळा लहानच होता. सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे, शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही घरची माणसे. आर्य संगीत प्रसारक मंडळाचे कार्यकर्ते, त्यांचे स्नेही आणि नावनिशी नसलेले अनेक मदतनीस यांनी मिळून तो उभा केला. या माणसांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. गुरू कानडी मुलखातले, त्यांनी नाव कमावले मराठी रंगभूमीवर, त्यांचे गुरू उत्तरेतले मुसलमान उस्ताद, शिष्यांत एक गदगचा, एक हुबळीची, एक मुंबईचा पारशी. भाषेवर प्रांतरचना होऊन सीमाभाग धुमसत होता त्याच दशकात ही मंडळी दरवर्षी एका सतरंजीवर बसत होती. स्मरण गुरूचे होते म्हणूनच हे शक्य झाले. एखाद्या प्रांताच्या किंवा भाषेच्या नावाने उत्सव काढला असता तर यांतले निम्मे पाहुणे ठरले असते.

सुरुवातीच्या वर्षांतली ओढाताण सगळ्या संस्थांची असते तशीच होती. पैशाची चणचण, जागेची शोधाशोध, ऐन वेळी येणाऱ्या अडचणी. मतभेदही झाले असतील. कार्यकर्त्यांनी ते मांडवाबाहेर ठेवले, आपणही तिथेच ठेवू. काळ मात्र अनुकूल होता. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, पुण्याचे केंद्र १९५३ साली, सांगलीचे १९६३ साली. मलकापूर-शाहूवाडीकडच्या घरांत रागाचे नाव पोचले ते रेडिओवरून. पुण्याच्या मांडवाला पुढे जो बाहेरगावचा श्रोता मिळाला त्याचा कान या केंद्रांनी आधीच घडवून ठेवला होता.

साठ आणि सत्तरचे दशक : पटांगणात

घरगुती पुण्यतिथीचा महोत्सव झाला तो पटांगणात आल्यावर. रेणुका स्वरूप प्रशालेचे आवार आणि पुढे शनिवार पेठेतले न्यू इंग्लिश स्कूलचे रमणबाग या जागांशी ‘सवाई’ हे नाव जोडले गेले. पुण्यतिथी सप्टेंबरातली, पण उत्सव डिसेंबरात भरू लागला. उघड्यावर बसायचे तर भर पावसाळ्यात कसे जमणार? तिथीपेक्षा ऋतू सांभाळला गेला, आणि ते योग्यच झाले.

पेठेतल्या शाळेचे पटांगण ही निवड वरवर सोयीची वाटते, पण महोत्सवाचा स्वभाव तिने ठरवला. भोवती वाडे, चाळी, हाकेच्या अंतरावर बसथांबे. ऑफिस सुटल्यावर चालत येता येते, मध्येच उठून घरी जेवून परत येता येते. बाहेरगावच्या माणसाला एस.टी. स्टँडवरून रिक्षाचे भाडे परवडते. नाट्यगृहात हजारभर माणसे मावतात, पटांगणात कितीतरी पट अधिक. मोठ्या कलावंताचे मानधन हजारोंमध्ये वाटले गेले की एकेकाच्या वाट्याला थोडेच येते, आणि सतरंजीवरच्या भारतीय बैठकीचे तिकीट सामान्य पगारदाराच्या आवाक्यात राहते. दरबारात गाणे ऐकायला ओळख लागत असे. इथे पुढे बसायचे असेल तर लवकर यायचे, एवढीच अट होती.

यावर जुन्या जाणकारांचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, ख्याल ही समोरासमोरची कला आहे. पन्नास माणसांच्या बैठकीत गायक श्रोत्याच्या चेहऱ्यावरून गाणे वळवतो, हजारोंच्या मांडवात त्याला फक्त दिवे दिसतात, मग गाणे टाळीकडे झुकते, द्रुत तानांकडे, जुगलबंदीकडे. यात तथ्य आहे. पण गर्दीने जाण बोथट होतेच असे मात्र नाही, आणि त्याचा पुरावा कोल्हापूरकरांच्या घरातला आहे. खासबागेत आखाड्याभोवती बसलेल्या हजारोंमधला प्रत्येक जण डाव ओळखून दाद देतो. पैलवानाने पट काढायच्या आधी शेवटच्या रांगेतला म्हातारा पुढे सरसावतो. जाण ही संख्येवर ठरत नाही, वर्षानुवर्षांच्या सवयीवर ठरते. सवाईच्या मांडवात हीच सवय दिसते. कलावंत बदलताना पाच-दहा मिनिटे जातात. दोन तंबोरे जुळत असतात; पंचम, जोडीचा षड्ज, खर्ज, मग घोडीवरचा दोरा केसभर सरकवून जवारी काढणे. डिसेंबरच्या गारठ्याने तारा हलतात, दवाने तबल्याची पुडी सैलावते आणि हातोडी पुन्हा गजऱ्यावर पडते. त्या ठोक्यांबरोबर मांडवातली कुजबुज ओसरत जाते आणि दोन्ही तंबोरे एकजीव झाले की मागच्या शालीही हलेनाशा होतात. एवढ्या लोकांना कोणी गप्प बसवलेले नसते. सूर लागण्याची वाट पाहणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

शिवाय मोठा मांडव झाला म्हणून छोटी बैठक मेली, असेही घडलेले नाही. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांची पुण्यतिथी आजही होते, आणि भीमसेनजींनी तिथली हजेरी कधी कमी लेखली नाही. एकाच ऋणाची फेड एका ठिकाणी वाड्यात होते, दुसऱ्या ठिकाणी पटांगणात. एकीने दुसरीला मारले नाही.

ऐंशी आणि नव्वदचे दशक : बहराची वर्षे

या दोन दशकांची यादी करायला बसले तर हिंदुस्थानी संगीताची अर्धी नामावळी होईल. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, जसराज, जितेंद्र अभिषेकी, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, झाकीर हुसेन, बिरजू महाराज. नावे किती घ्यावीत? यादीपेक्षा तिची घडण अधिक बोलकी आहे. उत्सव किराणा घराण्याच्या गायकाच्या स्मरणाचा, चालवणारे किराण्याचे, आणि स्वरमंचावर मन्सूर व किशोरीताई जयपूरच्या, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या गायकीच्या. कुमारजी तर कुठल्याच चौकटीत न बसणारे. घराण्यांच्या भिंती उंच असण्याचा तो काळ आठवला म्हणजे याचे मोल कळते. गुरूच्या श्राद्धाला गावातली सगळी घरे जेवायला बोलवायची असतात, आणि मंडळाने ही रीत अक्षरशः पाळली.

नृत्य, वाद्यवादन, कर्नाटक पद्धतीचे गायन यांना जागा देताना ‘पुण्यतिथी गायकाची, मग हे कशाला?’ अशी कुरकूर होणे स्वाभाविक होते. पण रंगभूमीवर वावरलेल्या माणसाच्या उत्सवात नृत्य परके कसे ठरावे? आणि गुरू-शिष्य दोघेही कानडी मुलखातले असताना दक्षिणेचे गाणे दूरचे का मानावे? या काळात मंडळाने नव्या गवयांनाही पाय ठेवायला जागा दिली. सवाईच्या मंचावर पहिल्यांदा बसणे ही तरुण कलावंतांच्या आयुष्यातली नोंद ठरू लागली. शेवटच्या सत्रात गंगूबाई, दस्तूरजी आणि सर्वांत शेवटी स्वतः भीमसेनजी हा क्रम वर्षानुवर्षे राहिला. घरच्यांनी पंगत वाढून झाल्यावर शेवटी बसावे, तसे.

२००० ते २०१० : रात्र हातची जाते

२००२ साली सुवर्णमहोत्सव झाला. सवाई गंधर्वांचे नातू श्रीकांत देशपांडे आणि भीमसेनजींचे चिरंजीव श्रीनिवास जोशी यांच्या पिढीकडे जबाबदारी सरकली. कार्यकर्त्यांची दुसरी, कुठे कुठे तिसरी पिढी सतरंज्या घालू लागली. याच दशकात महोत्सवाला सर्वांत मोठा फटका बसला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवरचे निर्बंध पक्के केले. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळू शकते, त्यापलीकडे नाही. रात्र रात्र चालणारा उत्सव संध्याकाळचा झाला.

हे नुकसान खरे आहे, ते कमी करून सांगू नये. आपले संगीत घड्याळाला बांधलेले आहे. मुलतानीने दिवस कलतो, मारवा-पूरियाने तिन्हीसांजा होतात, यमन, बागेश्री, मग मध्यरात्रीचे मालकंस आणि दरबारी, आणि पहाटे ललत. रात्रभराच्या मांडवात श्रोता या सगळ्या प्रहरांतून सलग चालत जाई. दरबारी आणि ललत यांच्यामधल्या त्या तीन तासांत एकदा तरी बसलेल्या पिढीनंतर आलेल्या श्रोत्याला हे राग ठाऊक असतात, पण त्यांचा प्रहर ठाऊक नसतो. दुसऱ्या बाजूने पाहायचे तर पेठेत आजारी माणसे आहेत, परीक्षेची मुले आहेत, दवाखाने आहेत. भर वस्तीत उत्सव करायचा आणि वस्तीच्या झोपेचा विचार करायचा नाही, हे गाण्याच्या नावाखालीही पटण्यासारखे नाही. मंडळाने नियम पाळला, दिवस वाढवून वेळ भरून काढण्याचा प्रयत्न केला. प्रहर मात्र भरून आला नाही. आणि इथेच माझ्या मुद्द्याची कसोटी लागते. हा उत्सव केवळ रात्रीच्या जागरणाच्या मौजेवर उभा असता तर तो २००५ नंतर ओसरला असता. तसे झाले नाही, कारण लोक ज्यासाठी येत होते ते स्मरण संध्याकाळीही होऊ शकत होते.

२००७ साली, पंचावन्नाव्या महोत्सवात, प्रकृती साथ देत नसतानाही पंचाऐंशी वर्षांचे भीमसेनजी स्वरमंचावर आले आणि गायले. भारतरत्न त्यांना त्यानंतर, २००८ साली जाहीर झाले. २००९ चा महोत्सव स्वाइन फ्लूच्या साथीमुळे पुढे ढकलून २०१० च्या जानेवारीत घेतला गेला. पुढे ढकलला, पण सोडला नाही.

२०११ पासून पुढे : दोन नावे

२४ जानेवारी २०११ रोजी भीमसेनजी गेले. त्या वर्षापासून उत्सव ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ झाला. गुरूचे श्राद्ध घालणारा शिष्य स्वतः त्याच पानावर आला. गंगूबाई २००९ मध्ये, दस्तूरजी त्याआधी २००८ मध्ये गेले होते. पहिल्या मेळ्यातली ही माणसे गेल्यावर महोत्सव चालेल का, अशी शंका तेव्हा घेतली गेली. किराणा घराण्याच्या डॉ. प्रभा अत्रे यांनी सांगतेची जागा पुढे दीर्घकाळ सांभाळली. २०१२ साली हीरकमहोत्सव झाला. मंडळाचे काम आता डिसेंबरपुरते नाही. शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात संगीतावरचे माहितीपट आणि कलावंतांशी गप्पा होतात, भीमसेनजींच्या पत्नी वत्सलाबाई जोशी यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, मांडवात प्रकाशचित्रांचे प्रदर्शन लागते.

२०१८ साली महोत्सव रमणबाग सोडून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. पेठेतल्या अनेकांना हे लागले. चालत जाण्याचे सुख गेले, शाळेच्या भिंतींशी जडलेल्या आठवणी मागे राहिल्या. पेठेने या उत्सवाला घडवले हे वर मान्य केलेच आहे. पण पेठ तरी तीच राहिली होती का? वाडे पडून इमारती झाल्या, जुने श्रोते कोथरूड-सिंहगड रस्त्याकडे राहायला गेले, वाहने लावायला बोळ उरला नाही. श्रोताच शहराच्या कडांना पांगला असताना मांडवाने मधोमध थांबण्याचा हट्ट धरणे कोणाच्या सोयीचे होते? मलकापूर, मिरज, बेळगावकडून येणाऱ्याला तर स्वारगेटजवळचे मुकुंदनगर रमणबागेपेक्षा दूर नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे महोत्सव झाला नाही. २०२२ च्या डिसेंबरात मांडव पुन्हा पडला तेव्हा निमंत्रणावर ‘अडुसष्टावा’ असे छापले होते. १९५३ पासून वर्षे मोजली तर तो सत्तरावा यायला हवा होता. कित्येक संस्था अशा वेळी वर्षेच मोजतात, खंड पडलेली सालेही आकड्यात धरून महोत्सव लवकर साजरा करतात. मंडळाने तसे केले नाही. जे दोन डिसेंबर गुरूच्या नावाने गाणे झाले नाही, ते हिशेबातून वगळले. १९५३ पासून पंचाहत्तर वर्षे २०२८ साली पुरी होतील, मात्र पंचाहत्तरावा महोत्सव, मध्ये खंड न पडल्यास, २०२९ च्या डिसेंबरात येईल.